खुंटीवरचा कोट

३ मार्च

सूनबाई,

आशीर्वाद आहेतच. दर पत्रात नव्याने दिले तर आधीचे संपले असा अर्थ होईल, म्हणून एकदाच सांगून टाकतो.

तुझं पत्र पोचलं. 'तीर्थस्वरूप मामंजी' असं वाचलं आणि क्षणभर वाटलं, दुसऱ्याच कुणाचं पाकीट फोडून बसलो. अगं, मामंजी म्हणजे कसा माणूस भारदस्त हवा. मिशा हव्यात, पोट हवं. माझ्या गळ्यात टेप आणि तोंडात टाचण्या. लग्नाला सात महिने झाले आणि त्यातले जेमतेम सात दिवस तू या घरात राहिलीस, म्हणून हे परकेपण. यापुढे बाबा म्हण. जमलं नाही तर 'अहो शिंपी' म्हण, गिऱ्हाइकं म्हणतातच.

दुकान जोरात आहे, पण कपड्यांचं नाही, खिडक्यांचं. रात्री शत्रूच्या विमानांना उजेड दिसू नये म्हणून गल्लीतल्या एकूण एक खिडकीला मी काळा पडदा शिवून दिला. चाळीस वर्षं माणसांची मापं घेतली, आता म्हातारपणी खिडक्यांची घेतोय. एक बरं आहे, टेप लावला की खिडकी पोट आत ओढून धरत नाही.

आपल्या टाचणीचं काही कळलं का? पोराला हे नाव त्याच्या आईने ठेवलेलं. इतका बारीक होता की म्हणायची, हातातून पडला तर शोधायला लोहचुंबक लागेल. कोपऱ्यावरून दोरा आणायला पाठवलं की हा दुसऱ्याच गल्लीत रडत उभा. आणि आता तोच विमानात नकाशा मांडीवर घेऊन चालवणाऱ्याला वाट सांगतो! सैन्याला दुसरं कुणी मिळालं नाही का, असं मी सगळ्यांना हसत विचारतो. खरं सांगू? विचारताना छाती अशी फुगते की सदऱ्याचं बटण ताणतं.

तुझ्या कामाचं विचारत नाही. समोरच्या पाववाल्याला सांगितलं, सूनबाई सरकारी कचेरीत चित्रं बघते. तो म्हणाला, चित्रं बघायला कचेरी कशाला लागते? मी म्हटलं, तुला पाव खायला बेकरी लागते तशी. दोघांनाही काही कळलं नाही.

डोळ्यांना जप.

बाबा
(सही मीच करून टाकली, म्हणजे तुला सोपं जाईल.)


१४ मार्च

बाबा,

लिहिलं. तीनदा 'मा' लिहून खोडलं, पण लिहिलं.

आमची कचेरी एका जुन्या शाळेच्या वरच्या मजल्यावर आहे. चित्रकलेची शिक्षिका होते, युद्ध आलं म्हणून शाळा सोडली, आणि बसले कुठे, तर पुन्हा शाळेत. बाकं लहान मुलांची आहेत, गुडघे आपटतात. शेजारच्या टेबलावर एक बाई आहेत, आधी कॉलेजात झाडापानांचा विषय शिकवायच्या. खिडकीतून दिसेल त्या झाडाचं नाव, वय आणि आजार सांगतात. आम्ही त्यांना माळीणबाई म्हणतो. त्या रागावत नाहीत, उलट खूश होतात.

राहते ती खोली बरी आहे. घरमालकीण बोलायला फटकळ, पण मला उशीर झाला की बटाटे झाकून ठेवते आणि सांगते, 'मांजरासाठी ठेवले होते, तू खा.' मांजर या घरात नाही.

गेल्या रविवारी टाचणी भेटला. तीन तासांची सुट्टी होती, स्टेशनवरच्या बाकावर बसलो. त्यातले दोन तास तो माझ्या खांद्यावर झोपला. मी हलले नाही. हात बधिर झाला, पण तशीच बसून राहिले. पट्ट्याला आणखी एक भोक पाडलंय त्याने. 'बाबांना सांगू नकोस' म्हणाला, म्हणून सांगते. उठल्यावर चहा घेतला, तो अर्धा बशीत सांडला. कप फुटका होता.

तुम्ही शिवून दिलेला गरम सदरा तो गणवेशाच्या आत घालतो. म्हणाला, वर फार थंडी असते, तिथे बाबांचा हात लागतो. हे सांगू नकोस असं नाही म्हणाला.

तुमची सून


२९ मार्च

सूनबाई,

तुझ्या कानावर आलंच असेल, म्हणून आधी हे: मी ठीक आहे.

काल सकाळी साडेदहाला भोंगा झाला. आम्ही पाववाल्याच्या तळघरात उतरतो न उतरतो तोच सुरू झालं. रेल्वेचं यार्ड त्यांना हवं होतं, ते मिळालं. उरलेले बॉम्ब मागच्या गल्लीवर. शाळेची एक बाजू कोसळली. पोरं सगळी खाली पोचली होती. शाळेचा शिपाई मात्र वरच्या वर्गात कुणी राहिलं का ते बघायला परत गेला. कुणी राहिलं नव्हतं. तो राहिला.

त्याचा कोट माझ्याकडे अस्तर बदलायला आलेला आहे. काय करावं कळत नाही. अस्तर लावून ठेवलं.

पाववाला म्हणतो, सीमेपलीकडे त्यांचा मोठा विमानतळ आहे, तिथून चाळीस मिनिटांत येतात. म्हणतो, आपली पोरं तिकडे जाऊन ती विमानं जमिनीवरच का मोडत नाहीत? आपली पोरं म्हणजे कोण, ते त्यालाही माहीत आहे.

अक्षर वाकडं आलंय. टाक नवा आहे, अजून वळण लागायचंय.

बाबा


५ एप्रिल

बाबा,

टाक नवा असता तर सुरुवातीला शाई गळली असती. तसं नाही. तुमची उभी रेघ सरळ आहे आणि गोलाई तुटते. म्हणजे टाक तोच आहे, बोटं तीच नाहीत. दिवसभर मी हेच करते, बाबा, बारीक खुणांवरून न सांगितलेलं वाचते. माझ्याशी खोटं बोलायचं तर जरा नीट तयारी करून बोला. काय झालंय ते खरं कळवा.

परवा टाचणीने निरोप पाठवला. त्यांचं एक मोठं काम फत्ते झालंय. काय ते लिहिता येत नाही. 'बाबांना सांग, पडदे काढून त्यांच्या पँटी शिवा' असं लिहिलंय. पुष्कळ दिवसांनी त्याच्या पत्रात विनोद आला.

मला मात्र तसं हसू येत नाही. काहीतरी खुपतंय, काय ते सापडत नाही. म्हणून एक विचारते. तुम्ही जाणकार आहात.

दोन कोट टांगले आहेत. एक कुणीतरी रोज वापरतं. दुसरा नुसता लोकांना दाखवायला शिवला आहे. कापड एक, शिलाई एक. हात लावायचा नाही, जवळ जायचं नाही. लांबून कसं ओळखाल?

तुमची सून


१० एप्रिल

सूनबाई,

पकडलंस. दोन बोटं. बॉम्बच्या हादऱ्याने सैल झालेली दुकानाची फळी निसटून पडली, तिच्याखाली आली. डॉक्टरांनी पट्ट्या बांधून दिल्यात, महिनाभरात सुटतील. शिंप्याची बोटं मोडली की त्याला बोलायला वेळ मिळतो, एवढाच तोटा. तो तोटा गिऱ्हाइकांचा.

आता कोटाचं. प्रश्न छान विचारलास, कुणी विचारत नाही असं.

वापरातल्या कोटाला माणसाचा मळ असतो. कॉलरला तेल, खिशाच्या तोंडाशी बोटं. कोपर फुगलेलं. पण लांबून हे दिसायचं नाही. म्हणून कोट बघूच नकोस, कोटाखालची जमीन बघ. रोजचा कोट जिथे टांगतात तिथे माणसाचा वावर असतो. भिंत घासलेली, जमिनीवर बुटांची वाट पडलेली, कुठे काही ठिबकलेलं. दाखवायच्या कोटाखाली धूळ सारखी पसरलेली असते. तिथे कुणी येत नाही आणि कुणी जात नाही.

आणि हे बघ, टाचणीसाठी कुणाचा वापरलेला कोट घ्यायचा विचार असेल तर खबरदार! शिंप्याच्या मुलाच्या अंगावर जुना कोट! माझी बोटं सुटली की मी शिवतो.

मोठं काम फत्ते झालं म्हणालीस. पण काल ती विमानं पुन्हा आली. तेवढीच, त्याच दिशेने. यार्डात जे उभं होतं तेही आडवं केलं. माणसं वाचली. टाचणीला हे कळवू नकोस, पोराचा आनंद कशाला घालवायचा.

बाबा


१६ एप्रिल

बाबा,

कोट घेतला नाही. तुम्ही सांगितलंत ते उपयोगी पडलं.

आज फार लिहीत नाही. डोकं दुखतंय. बोटं हलवू नका.

तुमची सून


२२ एप्रिल

सूनबाई,

तुझं चार ओळींचं पत्र चारदा वाचलं. त्यात टाचणीचं नाव नाही. तू कधी त्याचं नाव गाळत नाहीस. भांडलात ना?

विचारायला नको खरं तर. पण तुला आई नाही आणि त्यालाही नाही, तेव्हा मधे पडायला मीच उरलो. तुझी सासू एकदा माझ्यावर इतकी चिडली की तिने माझ्या सगळ्या सदऱ्यांची काजं शिवून टाकली. टाका इतका सुरेख की उसवायचं मन होईना. आठ दिवस बोलणं बंद. नवव्या दिवशी मी छाती उघडी टाकून दुकानात येऊन बसलो आणि गिऱ्हाइकाला म्हणालो, ही नवी फॅशन आहे. ती पडद्यामागे होती. हसली. संपलं भांडण. कशावरून झालं होतं ते आज आठवतही नाही.

तुमच्यातलं जे असेल ते असो, पहिलं पत्र तू लिही. तो लाजरा आहे, त्याला मागाहून सुचतं.

बाबा


२६ एप्रिल

सूनबाई,

सकाळी तार आली. माझ्या नावाने. लग्नाआधी भरलेला कागद त्याने बदलला नसावा, म्हणून तुझ्याऐवजी मला आली. लिहिलंय, सतरा तारखेच्या कामगिरीवरून विमान परतलं नाही, चौघेही बेपत्ता.

बेपत्ता म्हणजे पत्ता लागायचा आहे. दुसरा अर्थ मी घेत नाही, तूही घेऊ नकोस.

मी काहीबाही भांडणाचं लिहून बसलो. ते फाडून टाक. मिळेल त्या गाडीने घरी ये.

बाबा


९ मे

सूनबाई,

तेरा दिवस झाले. पोस्टमनला मी गल्लीच्या तोंडाशीच गाठतो. आता तो मला बघून पलीकडच्या बाजूने चालतो.

तुझं पत्र नाही. घरमालकिणीला लिहिलं तर तिचं कार्ड आलं: 'जाते, येते, जेवत नाही, बोलत नाही. मारझोड करता येत नाही म्हणून थांबले आहे.' बाई चांगली दिसते.

तुला माझं तोंड बघवत नसेल, तो माझ्यासारखा दिसतो म्हणून, तर तसं लिही. मी समजेन. पण काहीतरी लिही. कोरा कागद घातलास पाकिटात तरी चालेल.

बाबा


१८ मे

बाबा,

हे टपालाने पाठवता येत नाही. माळीणबाई बहिणीकडे निघाल्या आहेत, वाटेत तुमचं गाव लागतं, त्यांच्या हाती देते. वाचून जाळून टाका.

मी विमानातून काढलेले फोटो बघते. शत्रूच्या विमानतळांचे, हल्ल्याच्या आधीचे आणि नंतरचे. एकाच जागेचे लागोपाठ काढलेले दोन फोटो शेजारी ठेवून भिंगांतून पाहिलं की जमीन उठून दिसते, झाडं उभी राहतात. मग मोजायचं. विमानं किती मोडली, खड्डे किती पडले, धावपट्टी चालेल का. मी जो कागद लिहून देते त्यावरून ठरतं, पुन्हा जायचं की नाही.

तुमच्या गावावर येणारी विमानं ज्या तळावरून उडतात, तो तळ माझ्या टेबलावर होता. दोन एप्रिलला आपल्या लोकांनी त्यावर हल्ला केला. टाचणी त्यात होता. बावीस विमानं जळाली, साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला. आणि मग तुमचं पत्र आलं, की ती पुन्हा आली, तेवढीच. जळालेली विमानं कशी उडतील?

मला शंका आली. पुन्हा ते फोटो बाहेर काढून बसले. त्या बावीस विमानांखाली तेलाचा एक डाग नव्हता. चाकांचा माग नव्हता. गवत उभंच होतं. ती लाकडाची आणि कापडाची होती, बाबा, आपल्याला दाखवायला मांडलेली. मग खरी कुठे असतील? बाजूला एक फळबाग आहे. माळीणबाईंना दाखवली. त्या म्हणाल्या, 'अजून पालवी फुटायला तीन आठवडे आहेत. मग या तीन रांगाच दाट कशा?' त्या जाळ्या होत्या. खाली खरी विमानं, आणि सभोवती तोफा.

हे सगळं पंधरा एप्रिलला दुपारी कळलं. माझ्या टेबलापासून साहेबांची खोली एक जिना खाली आहे. मला माहीत होतं, कागद दिला की एक-दोन दिवसांत पुन्हा जातील. कोणती तुकडी जाईल तेही माहीत होतं. मी जिन्यावर बसले. दहा मिनिटं. कागद फाडला असता तर माळीणबाई बोलल्या नसत्या आणि जगात कुणाला कळलं नसतं. त्या रविवारी स्टेशनवर कप फुटका नव्हता, बाबा. त्याचे हात थरथरत होते. तेही मला माहीत होतं. मग तुमची बोटं डोळ्यांसमोर आली. शाळेचा शिपाई आला, ज्याला मी कधी पाहिलं नाही. मी उठले आणि कागद दिला.

सतराला सकाळी ते गेले. अठराला फोटो माझ्याकडेच आले. बागेत एकोणीस विमानं जळालेली, खरी. बागेपलीकडे नांगरलेलं शेत आहे, त्यात एक आपलं विमान पडलेलं, एक पंख नसलेलं. तेही मोजलं. लिहिलं. सही केली. त्या दिवशी दोन विमानं परतली नव्हती, त्यांत एक टाचणीचं, तेव्हा हे त्याचं की दुसरं, हे मी सांगू शकत नाही. शेताच्या कुंपणावर एक पांढरा ठिपका आहे. पॅराशूट असेल. कुणाची चादर वाळत असेल. तीन दिवस मी तो ठिपका बघत होते. शेवटी कागदावर लिहिलं, 'ओळख पटत नाही.'

तुम्ही 'भांडलात ना' असं विचारलंत तेव्हा मला पाच दिवस सगळं माहीत होतं. तुमची तार यायच्या आधीपासून मला माहीत होतं.

तुमच्या मुलाला मी पाठवलं. एकटीने, जाणूनबुजून, जिन्यावर बसून नीट विचार करून. आता सांगा, कोणत्या तोंडाने घरी येऊ?


३० मे

सूनबाई,

माळीणबाई आल्या, पत्र दिलं, बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. उंबऱ्यातच त्यांचे डोळे भरून आले. दारातल्या कुंडीकडे बघून म्हणाल्या, 'पाणी जास्त होतंय', आणि गेल्या.

पत्र वाचलं. जाळलं. दुकान बंद केलं ते दोन दिवस उघडलं नाही.

खोटं लिहीत नाही. मला तुझा राग आला. दहा मिनिटं बसलीस ना जिन्यावर, मग अकराव्या मिनिटाला उठून सरळ खोलीवर का नाही गेलीस, असा राग. बापाचं मन आंधळं असतं, त्याला गाव दिसत नाही, पोर तेवढं दिसतं. हे आधी सांगतो, नाहीतर पुढे जे लिहिणार आहे ते तुला तोंडदेखलं वाटेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाढ्यांचा आवाज आला. शाळा आता पाववाल्याच्या पिठाच्या कोठारात भरते. पोरं दुपारी बाहेर पडतात ती पांढरीफटक होऊन, भुतांची पलटण निघाल्यासारखी. सतरा एप्रिलपासून इथे भोंगा वाजलेला नाही. पाववाला म्हणतो, देव पावला. ते पाढे मला ऐकवत नाहीत, आणि थांबावेत असंही वाटत नाही. दोन्ही एकाच वेळी. त्याचं काय करायचं ते मला माहीत नाही.

आता दुसरं. 'मला शंका आली' असं लिहिलंस. तेल नाही, चाकांचा माग नाही, गवत उभं. सूनबाई, मी म्हातारा झालोय, बावळट झालेलो नाही. तुझं पाच एप्रिलचं पत्र काढलं. कोट बघू नकोस, कोटाखालची जमीन बघ, हे कुणी शिकवलं तुला? एवढं सगळं उघडं केलंस आणि नेमकं तेवढंच झाकलंस. का, तेही कळलं. म्हातारा मोडेल म्हणून.

तर ऐक. मोडलो नाही. जिन्यावर तू एकटी बसली नव्हतीस, मीही शेजारी होतो, फक्त मला ते आज कळतंय. तेव्हा 'एकटीने पाठवलं' असं पुन्हा लिहायचं नाही.

आणि त्याला पाठवलं, पाठवलं काय म्हणतेस? तो काय पार्सल होता? वाट सांगणारा तोच होता. त्या दिवशी तो म्हणाला असता, हात थरथरतात, जमणार नाही, तर त्याला खाली उतरवला असता. तो म्हणाला नाही. चाळीस वर्षांत थरथरत्या हाताने मला एक टाका सरळ घालता आला नाही. त्याने थरथरत्या हाताने नकाशावर रेघ ओढली आणि बाकीचे तिच्यावरून गेले. हे त्याचं आहे. ते तू किंवा मी त्याच्याकडून काढून घ्यायचं नाही.

पांढऱ्या ठिपक्याचं तू लिहिलंस तेच बरोबर. ओळख पटत नाही. मी त्याच्यावर आशा टांगलेली नाही. पण पुसूनही टाकलेला नाही.

घरी ये. तोंड आहे तेच घेऊन ये.

बाबा


९ जून

बाबा,

काल कागद आला. या वेळी माझ्या नावाने.

विमान त्यांचंच होतं. चौघांपैकी एक जण उडी मारून वाचला, मागचा तोफवाला. तो त्यांच्या कैदेत आहे. ठिपका त्याचा. बाकी तिघांना त्या गावातल्या लोकांनी शेताच्या कडेला पुरलंय. टाचणीला ओळखलं ते गणवेशाच्या आतल्या सदऱ्यावरून. तुम्ही कॉलरच्या आत नाव शिवलं होतंत.

साहेब रजा देत होते. घेतली नाही. घरी आले तर तुम्ही माझ्यासाठी धीर धराल, मी तुमच्यासाठी. मला ते जमणार नाही. इथे बसू द्या. जेवते. काळजी करू नका.

तुमची सून


१२ जून, दुपार
(फाटकावरच्या शिपायाच्या हाती)

सूनबाई,

दचकू नकोस, नवीन काही झालेलं नाही. मी फाटकाबाहेर आहे.

तुझं पत्र काल मिळालं, आज पहाटेची गाडी धरली. तुझ्या घरमालकिणीने दारातच मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, 'आलात? फार उशीर केलात.' मग स्वतः इथवर आणून सोडलं. शिपाई आत सोडत नाही, बरोबर आहे त्याचं. त्याच्या गणवेशाचं एक बटण लोंबत होतं. तेवढं लावून दिलं, तेव्हा ही चिठ्ठी न्यायला कबूल झाला. बोटं चालतात आता.

तुला न्यायला आलेलो नाही. नुसता आलोय. घरमालकिणीने खालची खोली दिली आहे, मांजराची म्हणाली. जितके दिवस लागतील तितके राहीन.

तू काम अर्धवट टाकून उठू नकोस. जे मोजत असशील ते नीट मोज, कुणाच्या तरी पोरासाठी ते लागणार आहे. सुटलीस की ये. रस्त्यापलीकडे चहाचं दुकान आहे, तिथे दाराजवळच्या टेबलाशी बसलोय. दोन कप मागवले होते, एक निवून गेला. तू आलीस की दुसरा सांगू.

धीर मी तुझ्यासाठी धरणार नाही, तूही माझ्यासाठी धरू नकोस. तार आली त्या दिवसापासून मी रडलेलो नाही. घरी खूप प्रयत्न केला. एकट्याला जमेना. म्हणून आलो.

बाबा